भिंतीवरचा चौक

मोरोक्कोतल्या जुन्या शहरांत ‘रियाद’ नावाची घरं असतात. रियाद म्हणजे बागा. गवयाचा रियाजही त्याच अरबी धातूतला. बाहेरून नुसती उंच भिंत. आत चौक, कारंजं, संत्र्याची झाडं. ऊन आणि गल्लीतली नजर, दोन्ही बाहेरच राहतात. आज अशा अनेक घरांत प्रवासी पैसे देऊन उतरतात.

आपल्या वाड्यालाही चौक असतो. वारली घराला मात्र तो भिंतीवर असतो, हे मला डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मुक्काम केल्यावर कळलं. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, समोर उघडं अंगण. घरात लग्न निघालं की भिंत गेरूनं रंगवतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठानं लग्नचौक ‘लिहितात’. हो, काढतात नव्हे, लिहितात! त्या चौकात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता मुक्कामाच्या खोल्यांच्या भिंतींवरही वारली चित्रं दिसतात. तारपा नाच, शेत, झाडं जरूर असावीत. त्यातून चित्रकाराला चार पैसेही मिळतात. पण पालघटेचा चौक शोभेचा नव्हे. तो त्या घरच्या लग्नाचा आहे. आपण भाडं देतो ते खोलीचं. ‘आमच्यासाठी तेवढा चौक काढा,’ असं सांगण्याचा हक्क त्यात येत नाही.