‘जन्मठेप’ आणि ‘चौदा वर्षे’ : एका समीकरणाची चिकित्सा

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हे समीकरण लोकव्यवहारात रूढ आहे. ठाण्याच्या किल्ल्यातील मध्यवर्ती कारागृहात अथवा कल्याणच्या आधारवाडी कारागृहात ज्यांचा माणूस आहे, त्या आप्तांनी सुटकेचा दिवस याच हिशेबाने मोजावा, हे स्वाभाविक होय. परंतु विधिनियमांत हे समीकरण आढळत नाही.

‘जन्मभर’ या शब्दातील ‘जन्म’ म्हणजे संपूर्ण आयुष्य. ‘जन्मठेपे’तही तोच अर्थ आहे. दंडसंहितेच्या कलम ५७ मधील वीस वर्षांची गणना केवळ शिक्षेचे अंश काढण्यापुरती होती. मिळालेली सूट धरून वीस वर्षे भरली, म्हणून सुटका हा आपला हक्क आहे, असे गोपाळ गोडसे यांचे म्हणणे होते. ते सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये अमान्य केले. मग ‘चौदा’ आले कोठून? देहान्ताची शिक्षाही होऊ शकेल अशा अपराधाबद्दल जन्मठेप झाल्यास चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून मुक्तता नाही, असे बंधन १९७८ मध्ये कलम ४३३-अ ने घातले. १९८० मध्ये मारूराम खटल्यात ते वैध ठरले. २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. तात्पर्य, चौदा ही शिक्षेची कमाल मर्यादा नसून शासनाच्या विचारास आरंभ होण्याची किमान मर्यादा होय.

असाच घोटाळा ‘रजा’ या शब्दाने होतो. फर्लो म्हणजे ‘संचित रजा’ आणि पॅरोल म्हणजे ‘अभिवचन रजा’. मुंबई राज्याच्या १९५९ च्या नियमांनुसार पहिलीचा काळ सामान्यतः शिक्षेत धरला जातो, दुसरीचा धरला जात नाही. शब्द एकच, हिशेब मात्र भिन्न.

सुधारणेचा विचार येथूनच व्हावयास हवा. किमान मुदत ठेवावी की नाही, याविषयी मतभेद संभवतात. अपराधपीडितांना शिक्षेची निश्चिती हवी असते, तर सरसकट मुदतीमुळे कैद्याच्या वर्तनातील पालट चौदा वर्षांच्या आत विचारात घेता येत नाही. मात्र पात्र कैद्याने अर्ज केला नसला, तरी जेथे सूट देण्याचे धोरण आहे तेथे शासनाने त्याचा विचार केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. हे कर्तव्य सार्थ व्हावयाचे, तर विचाराचा दिनांक आणि त्याचा नेमका अर्थ कैद्याला शिक्षेच्या आरंभीच सुबोध मराठीत लेखी कळला पाहिजे. अन्यथा विचाराचा पहिला दिवस हाच सुटकेचा दिवस समजून एखादे कुटुंब चौदा वर्षे वाट पाहत राहील.