यकृतातली गाठ आणि तापणारी सुई

‘ऑपरेशन होणार नाही’ हे शब्द कानावर पडले की यकृतात गाठ असलेल्या रुग्णाचं घर तिथेच हात टेकतं. आता उपचारच उरला नाही, असं सगळे धरून चालतात. हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. सिरॉसिसमुळे यकृत आधीच थकलेलं असतं, गाठी दोन्ही बाजूंना असतात किंवा हृदय मोठी शस्त्रक्रिया सोसणार नसतं, म्हणून सर्जन नकार देतात. तो नकार कापण्याला असतो. गाठ जागच्या जागी जाळता येईल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायलाच हवा.

रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजे आरएफए, हे त्याचं एक उत्तर. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत, भूल देऊन, त्वचेतून एक बारीक सुई थेट गाठीत नेतात. हा किरणोत्सर्गाचा उपचार नव्हे आणि विजेचा झटकाही नव्हे. सेकंदाला चार-पाच लाख वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहामुळे सुईभोवतीच्या पेशींतले आयन घुसळले जातात आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते. ६० अंशांपुढे पेशी लगेच मरतात. १०० अंशांपलीकडे मात्र ऊतक करपतं आणि प्रवाहाची वाट अडते, म्हणून तापमान हळूहळू वाढवावं लागतं.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक: कितीही मोठी गाठ जळते. तसं होत नाही. गाठीभोवतीचं निदान अर्धा सेंटिमीटर निरोगी यकृतही जाळावं लागतं, त्यामुळे ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत निकाल सर्वांत चांगला येतो. ५ च्या पुढे भरवसा कमी होतो. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल, तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या कडेला जिवंत पेशी राहू शकतात. पित्तनलिका किंवा आतडं चिकटून असेल, तर भाजण्याचा धोका असतो.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. सुईच्या मार्गात पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण ती विरळा. शिवाय सुई काढताना तो मार्गही तापवून बंद करतात. आरएफएच्या एकूण धोक्याचं म्हणाल, तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अनेक रुग्णालयांच्या पाहणीत २,३२० रुग्णांपैकी ०.३ टक्के दगावले आणि २.२ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. आधीच आजारी यकृतासाठी हे आकडे दिलासा देणारे आहेत.

मग हे नुसतं आयुष्य थोडं लांबवणं आहे का? आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या, नुसत्या ऑपरेशनने सगळ्या गाठी काढता न येणाऱ्या ११९ रुग्णांवर युरोपात चाचणी झाली. आठ वर्षांनी नुसत्या केमोथेरपीच्या गटात सुमारे ९ टक्के रुग्ण हयात होते. जोडीला आरएफए आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रियाही झालेल्या गटात सुमारे ३६ टक्के.

उपचारानंतर काही दिवस ताप आणि अंगदुखी असते. महिनाभराने स्कॅन करतात, तेव्हा जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो आणि घरचे हबकतात. तो तसाच दिसायला हवा, कारण भोवतीची कडही जाळलेली असते. पुढेही दर तीन-चार महिन्यांनी तपासणी लागते, कारण सिरॉसिस झालेल्या यकृतात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. २ सेंटिमीटरची गाठ सहसा दुखत नाही, म्हणून सिरॉसिसच्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितलेली असते. याच तपासणीत गाठ जाळता येण्याइतकी लहान असताना सापडते.