बाजारभाव-फाइलींचे स्वरूप व पडताळणी

शेअर बाजार, परस्पर निधी, कृषी उत्पन्न बाजार इत्यादींतील दैनंदिन भाव व उलाढाल यांची संगणकावर साठविलेली व केवळ अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांनी बनलेली नोंदवही म्हणजे बाजारभाव-फाइल होय. अशी फाइल दुसऱ्या संगणकीय आज्ञावलीत उतरवून घेण्याच्या क्रियेस आयात म्हणतात. आयात करण्यापूर्वी फाइलीतील स्तंभांचा क्रम, विभाजक चिन्ह, तारखेची मांडणी, अंकलेखनाची रीत, एकके व वर्णसंकेतन या बाबी आज्ञावलीस अचूक सांगाव्या लागतात. या बाबींच्या समुच्चयास फाइलीचे स्वरूप असे म्हटले जाते.

मजकूर-फाइल कोणत्याही संगणकावर उघडता येते व दीर्घकाळ टिकते. म्हणून माहितीच्या देवघेवीसाठी तिचा सर्वत्र उपयोग होतो. तथापि तिच्यात एक मूलभूत उणीव असते. आपल्यातील एखादा आकडा कशाचा आहे, हे ती स्वतः सांगत नाही. फार तर पहिल्या ओळीत स्तंभांची नावे असतात. परंतु तारखेत दिवस आधी की महिना, उलाढाल रुपयांत की लाखांत, हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. त्यामुळे स्वरूप चुकीचे सांगितले गेल्यास आज्ञावली बहुधा थांबत नाही. ती चुकीचे आकडे बिनतक्रार स्वीकारते आणि ते खऱ्यासारखेच दिसतात. अशा आकड्यांवरून काढलेले आलेख, सरासऱ्या व नफातोट्याचे अंदाज फसवे ठरतात आणि त्यांवर विसंबून बचत गुंतविणाऱ्यास प्रत्यक्ष हानी पोहोचू शकते. आयातीच्या वेळच्या पडताळणीचे महत्त्व यामुळेच आहे.

पूर्वपीठिका : मुंबईत १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापन होऊन आजच्या मुंबई शेअर बाजाराचा पाया घातला गेला. त्यानंतर दीर्घकाळ भाव छापील पत्रकांतून व वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचत. अभ्यासू गुंतवणूकदार ते वहीत उतरवून आलेख-कागदावर मांडीत. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे संगणकीय व्यवहार सुरू झाले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली स्वीकारली. दिवसाचे सर्व भाव एका फाइलीत एकत्र मिळू लागले, ते या परिवर्तनामुळे. या फाइलीस ‘भावकॉपी’ म्हणतात. देशी ‘भाव’ आणि इंग्रजीतून रुळलेला ‘कॉपी’ यांचा हा जोडशब्द बाजारांनी आपल्या अधिकृत फाइलींच्या नावांतही स्वीकारला आहे.

फाइलीची रचना : भावकॉपीची एक ओळ म्हणजे एका रोख्याची त्या दिवसाची नोंद. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या जुन्या भावकॉपीत संकेतनाव, श्रेणी, उघडता भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव, शेवटच्या सौद्याचा भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव, एकूण नग, एकूण मूल्य, तारीख, सौद्यांची संख्या व आंतरराष्ट्रीय रोखे-ओळखांक असे तेरा स्तंभ या क्रमाने येत. प्रत्येक ओळीच्या अखेरीस एक जादा स्वल्पविराम असल्याने आज्ञावलीस चौदावा, रिकामा स्तंभ दिसे. ८ जुलै २०२४ पासून या फाइलीऐवजी बाजारांसाठी ठरविलेले एकसमान स्वरूप अंमलात आले. त्यात तारीख अगदी प्रथम येते व स्तंभांची नावे आणि क्रमही निराळे आहेत. जुन्या क्रमाप्रमाणे रचलेल्या आयात-सूचना नव्या फाइलीस लावल्यास संकेतनावाच्या जागी तारीख वाचली जाते. दीर्घ कालखंडाचा अभ्यास करणाऱ्यास म्हणून त्या तारखेच्या अलीकडील व पलीकडील फाइलींसाठी दोन वेगवेगळ्या सूचना ठेवाव्या लागतात.

बंद भाव आणि शेवटच्या सौद्याचा भाव हे दोन स्तंभ शेजारी असल्याने त्यांची अदलाबदल सहज होते. शेवटच्या सौद्याचा भाव एकाच सौद्यावरून मिळतो. बंद भाव मात्र बाजाराच्या नियमानुसार काढला जातो. दीर्घकाळ तो अखेरच्या अर्ध्या तासातील सौद्यांच्या भारित सरासरीने ठरत आला आहे. दोहोंतील फरक बहुधा थोडा असल्यामुळे ही चूक नुसत्या नजरेस पडत नाही.

विभाजक : दोन स्तंभ वेगळे करणाऱ्या चिन्हास विभाजक म्हणतात. शेअर बाजारांच्या फाइलींत सामान्यतः स्वल्पविराम असतो. परस्पर निधींच्या संघटनेतर्फे, म्हणजे ‘अँफी’तर्फे, प्रसिद्ध होणाऱ्या निव्वळ मालमत्ता मूल्यांच्या फाइलीत मात्र अर्धविराम वापरतात. शिवाय तीत निधीसंस्थांची व योजना-प्रकारांची नावे मधूनमधून स्वतंत्र ओळींत येतात. त्या ओळी वगळण्याची सूचना द्यावी लागते. स्वल्पविरामानंतर सोडलेली मोकळी जागाही उपद्रवकारक ठरते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, प्रत्यक्ष सुपूर्द झालेल्या समभागांचे आकडे देणाऱ्या विस्तृत फाइलीत अशी जागा आढळते. तेथे ‘ईक्यू’ या श्रेणीच्या आधी एक रिकामे चिन्ह असल्याने ‘ईक्यू’ श्रेणीच्या नोंदी मागितल्यास एकही नोंद हाती लागत नाही.

तारीख : सर्वांत घातक चुका तारखेच्या मांडणीतून उद्भवतात. भारतात दिवस-महिना-वर्ष असा क्रम रूढ आहे, तर अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष असा. अमेरिकी मांडणीवर ठेवलेली आज्ञावली ०५-०७-२०२४ ही तारीख ५ जुलैऐवजी ७ मे अशी वाचते. ५ जुलै २०२४ रोजी शुक्रवार होता व ७ मे २०२४ रोजी मंगळवार. दोन्ही दिवशी बाजार चालू होता. त्यामुळे शंका येण्यास कारण उरत नाही. परिणाम मात्र दुहेरी होतो. जुलैमधील नोंद नाहीशी होते आणि मे महिन्यातील खऱ्या नोंदीवर जुलैचे भाव लिहिले जातात.

सामान्य वर्षातील ३६५ तारखांपैकी १४४ तारखांमध्ये दिवसाचा अंक बारा किंवा त्याहून लहान असतो. त्यांतील १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा उलट वाचल्या तरी बदलत नाहीत. उरलेल्या १३२ तारखा चुपचाप चुकीच्या जागी जातात. बाकी २२१ तारखांत तेराव्या किंवा त्यापुढील महिन्याचा प्रश्न निर्माण होत असल्याने आज्ञावली त्या नाकारते, किंवा काही आज्ञावली त्यांपुरता क्रम आपण होऊन बदलून घेतात. यांपैकी दुसरा प्रकार अधिक धोक्याचा असतो. कारण एकाच फाइलीतील काही तारखा एका रीतीने व काही दुसऱ्या रीतीने वाचल्या जातात. स्वरूपाची चाचणी घेताना बारा तारखेनंतरच्या दिवसाची फाइल निवडावी, असे सांगण्याचे कारण हेच.

जुन्या भावकॉपीत महिना इंग्रजी तीन अक्षरांत लिहिला जात असल्याने हा घोटाळा टळे. नव्या स्वरूपात वर्ष-महिना-दिवस हा १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम आहे. त्याचा अर्थ एकच होतो आणि अशा तारखा केवळ अंकांच्या क्रमाने लावल्या तरी कालक्रम साधतो.

अंकलेखन व एकके : भारतीय पद्धतीत बारा लक्ष चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या १२,३४,५६७ अशी लिहितात. स्वल्पविरामच विभाजक असलेल्या फाइलीत ती अवतरणचिन्हांविना आल्यास एका संख्येचे तीन स्तंभ होतात व पुढील सर्व स्तंभ सरकतात. जर्मनी, पोलंड इ. देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. संगणकाची प्रादेशिक मांडणी त्या प्रकारची असल्यास १२६५.५० ही किंमत भलतीच वाचली जाऊ शकते. एककांतही असाच भेद आढळतो. जुन्या भावकॉपीत एकूण मूल्य रुपयांत असे, तर वर उल्लेखिलेल्या विस्तृत फाइलीत ते लाख रुपयांत दिले जाते. रिकाम्या जागी शून्य, आडवी रेघ किंवा ‘उपलब्ध नाही’ या अर्थाची अक्षरे येतात. शून्य उलाढाल आणि अनुपलब्ध माहिती या भिन्न गोष्टी असून आयातीत त्या एकरूप होता कामा नयेत.

ओळखांक : एकच समभाग निरनिराळ्या नावांनी ओळखला जातो. बारामती औद्योगिक वसाहतीत भारत फोर्ज या कंपनीचा एक कारखाना आहे. या कंपनीच्या समभागास मुंबई शेअर बाजारात ५००४९३ हा सहा अंकी संकेतांक आहे. राष्ट्रीय शेअर बाजारातील संकेतनावात अधिकाधिक दहा रोमन अक्षरे मावत असल्याने तेथे कंपनीच्या इंग्रजी नावातील शेवटचे अक्षर गळून दहा अक्षरी संकेतनाव झाले आहे. दोन बाजारांच्या फाइली जोडावयाच्या झाल्यास आयएनई४६५ए०१०२५ हा बारा चिन्हांचा आंतरराष्ट्रीय ओळखांकच उपयोगी पडतो. त्यातील ‘आयएन’ ही अक्षरे भारताची निदर्शक असून शेवटचा अंक पडताळा-अंक असतो.

हा अंक हातानेही तपासता येतो. रोमन लिपीतील पहिल्या अक्षरास १०, दुसऱ्यास ११ याप्रमाणे मूल्ये देतात. त्यानुसार पडताळा-अंक सोडून उरलेला भाग १८२३१४४६५१००१०२ असा होतो. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक दुप्पट करावेत व दोन अंकी गुणाकार आल्यास त्याचे अंक मिळवावेत. सर्वांची बेरीज ४५ येते. तिच्या पुढील दशकापर्यंत, म्हणजे ५० पर्यंत, पाच कमी पडतात. म्हणून अखेरचा अंक ५. स्तंभ सरकून ओळखांक तुटला असल्यास हा पडताळा सहसा जुळत नाही.

एकाच संकेतनावाची नोंद निरनिराळ्या श्रेणींत येऊ शकते, म्हणून आयात करताना संकेतनावाबरोबर श्रेणीही तपासावी लागते. तसे न केल्यास एका दिवसाच्या दोन नोंदी होऊन नंतरची नोंद आधीची पुसून टाकते.

वर्णसंकेतन : अक्षरांना अंक देण्याच्या पद्धतीस वर्णसंकेतन म्हणतात. १९६३ च्या ‘आस्की’ संकेतनात केवळ १२८ चिन्हे होती. १९९२ मध्ये तयार झालेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीसह जगातील बहुतेक लिप्या बसतात. भावकॉपीतील मजकूर रोमन लिपीत असल्याने येथे गोंधळ कमी होतो. तथापि काही आज्ञावली फाइलीच्या आरंभी न दिसणारे तीन बाइटांचे खूणचिन्ह घालतात. ते पहिल्या स्तंभाच्या नावास चिकटते आणि नाव बरोबर दिसत असूनही आज्ञावलीस तो स्तंभ सापडत नाही.

पडताळणीची रीत : प्रथम फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पहिल्या व शेवटच्या काही ओळी पाहाव्यात. कोष्टक-आज्ञावलीत ती उघडू नये. कारण अशी आज्ञावली तारखा व अंक आपल्या समजुतीने बदलून दाखविते आणि फाइल पुन्हा साठविल्यास बदल कायम होतात. ‘अमीब्रोकर’सारख्या आलेखन-आज्ञावलींत स्तंभांचा क्रम, तारखेची मांडणी, विभाजक आणि वगळावयाच्या ओळींची संख्या एका छोट्या स्वरूप-फाइलीत लिहून ठेवता येतात. तिची चाचणी मूळ संग्रहावर न घेता रिकाम्या संग्रहावर, एकाच दिवसाच्या फाइलीने घ्यावी. त्यानंतर पुढील कसोट्या लावतात :

(१) फाइलीतील नोंदी व संग्रहात उतरलेल्या नोंदी यांची संख्या जुळली पाहिजे. हेतुतः वगळलेल्या नोंदींचा हिशेब वेगळा लागला पाहिजे. (२) नीचांक हा उघडत्या व बंद भावाहून अधिक नसावा आणि उच्चांक त्यांहून कमी नसावा. (३) एकूण मूल्यास एकूण नगांनी भागून येणारी सरासरी नीचांक व उच्चांक यांच्या दरम्यान पडली पाहिजे. समजा, २,००,००० समभागांचे मूल्य २५,३०,००,००० रुपये असेल, तर सरासरी १,२६५ रुपये येते. नीचांक १,२५० व उच्चांक १,२८० असल्यास ती बरोबर बसते. मूल्य लाखांत दिलेले असून रुपयांत समजले गेल्यास सरासरी सव्वा पैशाच्या आसपास येते व चूक उघडी पडते. (४) फाइलीतील आदल्या दिवसाचा बंद भाव संग्रहातील मागील बंद भावाशी ताडून पाहावा. उघडता व बंद भाव यांची अदलाबदल वरील दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस सापडत नाही. ती येथे सापडते. (५) फाइलीच्या नावातील तारीख व आतील तारीख एकच असावी. (६) शनिवार-रविवारच्या नोंदी संशयास्पद मानाव्यात, परंतु परस्पर पुसू नयेत. अर्थसंकल्पाच्या निमित्ताने १ फेब्रुवारी २०२० या शनिवारी आणि लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांसाठी १२ नोव्हेंबर २०२३ या रविवारी बाजार उघडला होता.

कसोटीस न उतरणारी प्रत्येक नोंद आयातीचा दोष दर्शविते असे नाही. भारत फोर्जने २०१७ मध्ये एकास एक या प्रमाणात बक्षीस समभाग दिले. अशा वेळी समभागांची संख्या दुप्पट होऊन भाव सुमारे निम्मा होतो. ही घसरण खरी असते, मात्र भागधारकाचे नुकसान झालेले नसते. मागील भाव त्या प्रमाणात समायोजित केले नाहीत, तर आलेखावर एका दिवसात अर्धी किंमत बुडाल्याचा भास होतो. याउलट, आधीच समायोजित केलेल्या फाइलीस पुन्हा तेच प्रमाण लावल्यास मागील भाव निष्कारण निम्मे होतात. म्हणून प्राप्त भाव मूळ आहेत की समायोजित, ही बाबही फाइलीच्या स्वरूपाचाच भाग मानली जाते.

कृषिमालाचे भाव : हीच तत्त्वे शेतमालाच्या भावांनाही लागू पडतात. बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत. देशभरातील बाजार समित्यांचे भाव ‘अ‍ॅगमार्कनेट’ या शासकीय यंत्रणेतून प्रसिद्ध होतात. त्यांत किमान, कमाल व बहुलक भाव क्विंटलमागे रुपयांत देतात. बहुलक म्हणजे ज्या भावाने बहुतांश माल विकला जातो तो भाव. तो किमान व कमाल यांच्या मर्यादेतच असला पाहिजे. येथे उच्चांक-नीचांकाची जागा कमाल-किमान भाव घेतात, तर श्रेणीची जागा मालाची जात व प्रत घेते. एका जातीचा भाव दुसऱ्या जातीच्या नावावर नोंदला गेल्यास, माल कोठे व केव्हा विकावा याविषयीचा शेतकऱ्याचा अंदाज चुकतो. शेअर बाजाराप्रमाणे येथे पुढील दिवशी तोच व्यवहार उलटविण्याची सोय नसते. विकलेला नाशवंत माल परत येत नाही. त्यामुळे भाव नोंदविताना व उतरवून घेताना एकक, जात आणि तारीख या तीन बाबी प्रथम पडताळणे आवश्यक ठरते.