नवरदेवाचं घोडं अडतं कुठे?

पावसाळा सरत आला की कढीलिंबाच्या नाहीतर जास्वंदीच्या फांदीवर एखादे दिवशी तो दिसतो. हिरवागार, बोटाएवढा लांब, तिकोनी डोकं, आणि पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरलेले. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात, कुणी खंडोबाचा किडा म्हणतं. माझ्या वर्गातली मुलं दर वर्षी तो बरणीत घालून आणतात आणि घरी पाळायचा हट्ट धरतात. हा हट्ट पुरवायला काहीच हरकत नाही बरं का! हा किडा विषारी नाही, आवाज करत नाही, घरभर घाण करत नाही. ब्रिटन-जर्मनीत हौशी माणसं तो आवडीने पाळतात. त्यांच्याकडे घरोघर वाढणारी हिरोडुला मेंब्रानेशिया ही मोठी हिरवी जात तर मूळची आपल्याच भारत-श्रीलंकेकडची!

पाळणं सोपं आहे. माणसांचं घोडं अडतं ते त्यांची पिल्लं काढताना. नर आणि मादी समोरासमोर आणून ठेवली, तरी नरमहाशय जागचे हलत नाहीत. तासन् तास नुसते पुतळ्यासारखे! मग कुणीतरी हसून म्हणतं, “हलेल कशाला? ती नवऱ्याला खाते ना!”

ती खाते, हे खरं आहे. पण केव्हा खाते, हे कुणी सांगत नाही.

बदनामी आणि वस्तुस्थिती

फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी जाळीच्या पिंजऱ्यात हे किडे पाळले होते. एकाच मादीने दोन आठवड्यांत सात नर फस्त केल्याचं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे १९३५ मध्ये रोडर या शास्त्रज्ञाने दाखवलं की डोकं गेलं तरी नराचं धड मीलन पुरं करू शकतं. झालं! तेव्हापासून ही मादी जगभर ‘नवराखाऊ’ ठरली.

पुढे लिस्के आणि डेव्हिस या दोघा शास्त्रज्ञांनी पोटभर खाऊ घातलेल्या जोड्यांचं मीलन, त्यांना जराही त्रास न देता, चित्रित केलं. १९८७ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. तीस जोड्यांपैकी एकाही मादीने नराला खाल्लं नव्हतं. उघड्या रानात मात्र हे घडतंच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे तीस टक्के मीलनांत नराचा बळी गेलेला दिसला. आणि २००६ साली अमेरिकेतल्या लेलिटो आणि ब्राऊन यांनी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दाखवली. मादी भुकेली असली की नर जास्त सावधपणे, हळूहळू जवळ येतो. म्हणजे नर भित्रा नाही, शहाणा आहे. आणि मादी दुष्ट नाही, उपाशी आहे. तिच्या पोटात अंडी भरायची असतात, त्यांना खुराक लागतो.

म्हणून नर अडून बसला, तर आधी मादीच्या जेवणाकडे बघायचं.

आधी ओळख पटवा

नर कोण आणि मादी कोण, हे बरणीच्या काचेतून पोटाकडच्या बाजूने पाहिलं की कळतं. पोटावरची कडी मोजायची. मादीची सहा दिसतात, नराची आठ. नर सडपातळ, त्याच्या मिशा लांब आणि पंख पोटाच्या टोकापलीकडे जाणारे. मादी अंगाने भरलेली.

दोघांना अगदी लहानपणापासून वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावं. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. तोंडाला मच्छरदाणीचं कापड रबराने बांधावं, म्हणजे कात टाकताना किड्याला उलटं लटकता येतं. दिवसाआड पाण्याचा बारीक फवारा पुरे. खायला जिवंत माश्या, पतंग, रातकिडे द्यावेत. औषध मारलेल्या घरातली झुरळं मुळीच देऊ नयेत.

बहुतेक वेळा नराला पंख आधी फुटतात आणि मादी मागे राहते. तिला थोड्या उबदार जागी ठेवून जास्त खायला घालावं, नराला जरा गार जागी ठेवून बेताचं द्यावं. मग दोघं जवळपास एका वेळी वयात येतात.

घाई नको

पंख फुटले म्हणजे लग्नाचं वय झालं असं नव्हे! शेवटची कात टाकल्यावर नराला निदान दोन आठवडे आणि मादीला तीन-चार आठवडे द्यावेत. मादी तयार झाली की रात्रीच्या वेळी पोटाचं टोक खाली वाकवून एक प्रकारचा वास सोडते. तो आपल्या नाकाला कळत नाही, पण नराच्या मिशांना कळतो. कालपर्यंत सुस्त असलेला नर मिशा हलवत बरणीत येरझाऱ्या घालू लागला, की समजावं, वेळ आली.

मग मादीचं केळवण करायचं, आणि तेही भरपूर! दोन-तीन दिवस ती तोंड फिरवेपर्यंत खाऊ घालावं. नरालाही उपाशी ठेवू नये, अशक्त नर पुढे होत नाही. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी मादीच्या हातात एखादा मोठा पतंग द्यावा. तिचे हात आणि तोंड गुंतलेलं असतं, तेवढ्यात नराला धीर येतो.

भेट बरणीत कधीच घडवू नये. पळायला जागा नसली की तिथेच घात होतो. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून खोलीत एखादी मोठी कुंडी ठेवावी. मादीला फांदीवर बसू द्यावं, आणि नराला काडीवर घेऊन तिच्या मागे हातभर अंतरावर सोडावं. समोरून कधीही नाही. हलणारी प्रत्येक वस्तू तिला भक्ष्यच वाटते.

आणि मग आपण बाजूला व्हायचं! नर दोन पावलं टाकेल आणि गोठेल. तिने मान वळवली की पुन्हा गोठेल. त्याला ढकलायचं नाही, डिवचायचं नाही. चार-पाच तास गेले तरी बिघडत नाही. शेवटी तो एका उडीत तिच्या पाठीवर जातो. मीलन बरेच तास चालतं. ते संपलं की नराला काडीवर घेऊन लगेच वेगळं करावं, कारण खरा धोका आता असतो. रात्र संपली तरी तो हलला नाही, तर दोघांना आपापल्या बरणीत ठेवावं, दोन-तीन दिवस जेऊ घालून पुन्हा बघावं. तरीही नाही जमलं, तर दुसरा नर आणावा.

एक ध्यानात ठेवा. मीलन झालं नाही तरी मादी फेसासारखी अंड्यांची पिशवी घालतेच, पण ती वांझ निघते. मीलन झालेल्या मादीला मात्र एकदा झालेलं मीलन पुढच्या कित्येक पिशव्यांना पुरतं. पिशवी उलटी टांगून अधूनमधून फवारा मारावा. आपल्याकडच्या उबेत महिना-दीड महिन्यात तीतून शंभरावर पिल्लं बाहेर पडतात! त्यांना चिलटं लागतात. पिकलेल्या केळ्याची साल बरणीत ठेवली की चिलटं आपोआप जमतात. दहा-बारा पिल्लं ठेवून बाकीची बागेत सोडावीत. अर्थात किडा आपल्याच परिसरातला असेल तरच. परदेशी जात बाहेर सोडू नये.

मुलं हे सगळं बघतात आणि विचारतात, “ती त्याला का खाते?” तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे तरण्या पोरीचा नवरा गेला की “आली आणि नवऱ्याला खाल्लंन्” म्हणणाऱ्या जिभा अजून आहेत. मुलांच्या कानावर ते पडत असतं. त्यांना हे सगळं दाखवावं आणि सरळ सांगावं, “बाळा, तिला भूक लागली होती. आपण तिला वेळेवर जेवायला दिलं, तर सहसा ती त्याला हात लावत नाही.”