डॅशबोर्डमागची ओली कॉइल

पावसाळ्यात गाडीचा एसी लावला की पहिल्या काही सेकंदांत न वाळलेल्या टॉवेलसारखा एक कुबट भपकारा येतो आणि मग नाहीसा होतो. त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला: आरशाला सुगंधी डबी टांगायची. आता लिंबू आणि बुरशी यांचा एकत्र वास येतो, एवढाच काय तो फरक.

वासाचं मूळ असतं डॅशबोर्डच्या पोटातल्या एका जाळीत. तंत्रज्ञ तिला इव्हॅपोरेटर म्हणतात, गॅरेजमध्ये तिचं नाव कूलिंग कॉइल. वहीएवढ्या आकाराची, ॲल्युमिनियमच्या पातळ, दाटीवाटीच्या पत्र्यांची ही जाळी. आतून गार गॅस फिरतो, बाहेरून ब्लोअर हवा ढकलतो. कॉइल जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते. उभ्या गाडीखाली ठिबकणारं पाणी ते हेच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते भरपूर, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बरंच कमी. पाण्याबरोबर धूळ, परागकण, सिगारेटचा धूरही तिथे चिकटतो. गाडी बंद केली की गारवा जातो, ओल उरते. अंधार, ओल आणि मळ मिळाल्यावर बुरशी आणि जिवाणूंना आणखी काय हवं?

ही कॉइल सुरुवातीपासून डॅशबोर्डमागे नव्हती. कारखान्यातूनच एसी बसवून आलेली पहिली गाडी अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची, १९४० सालच्या मॉडेलची. तिची कॉइल मागच्या सीटमागे होती आणि तिने डिकीतली बरीच जागा खाल्ली होती. एसी कायमचा बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कंप्रेसरचा पट्टा काढावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली. सोय झाली, पण कॉइल डॅशबोर्डमागे गेली ती कायमची नजरेआड. आज अनेक गाड्यांत ती बाहेर काढायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. दिवसभराचं काम, आणि नंतर खडखड वाजणारं प्लॅस्टिक पदरात. म्हणून आधी सोपे उपाय करून पाहावेत.

पहिला उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते सर्वांत गुणाचा. मुक्काम पाच मिनिटांवर आला की एसीचं बटण बंद करा, पंखा मात्र जोरात चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. कॉइल कोरडी होते. काही गाड्या इंजिन बंद झाल्यावर हेच काम स्वतःहून करतात.

दुसरा, केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. तो काळा पडलेला, पानांच्या चुऱ्याने भरलेला निघाला तर झटकून परत बसवू नका, नवा घाला. उंदराच्या लेंड्याही तिथेच सापडतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीतला पाचोळाही काढा, कारण बाहेरची हवा तिथूनच आत येते.

एसी चालू असताना दमट दिवशीही गाडीखाली थेंब पडत नसेल आणि पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागत असेल, तर कॉइलवरचं पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप तुंबलाय. तो मोकळा केल्याशिवाय बाकीचं सगळं व्यर्थ. एवढं करूनही वास राहिला तर मेकॅनिककडून कॉइलवर सफाईचा फेस मारून घ्या. त्यानंतर दारं उघडी ठेवून पंखा चालवा आणि तोवर आत बसू नका.

वास गोडसर असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर ती बुरशी नव्हे. हीटरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता आहे, गाडी लगेच दाखवा. आणि कुबट वासाची तक्रार ऐकून कुणी ‘गॅस भरून घ्या’ म्हणालं, तर हवा पूर्वीसारखी गार येतेय का एवढं पाहा. येत असेल तर गॅसचे पैसे देऊ नका. या वासाचा गॅसशी काही संबंध नाही.