मद्य आणि यकृताचा कारभार

मटण-अंडी वेळेवर पोटात गेली म्हणजे दारू बाधत नाही, अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येते. आणि खुद्द वैद्यकशास्त्रातही मद्यप्याचे यकृत बिघडते ते मद्याने नव्हे तर निकृष्ट आहाराने, हेच मत दीर्घकाळ प्रबळ होते. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स लीबर यांनी १९७० च्या दशकात बबून माकडांना पौष्टिक आहारासोबत मद्य दिले, तेव्हा त्यांच्या यकृतांत प्रथम मेद साचला, पुढे काहींना सिरोसिसही जडला, आणि त्या मताचा पाया ढासळला.

पोटात गेलेल्या मद्याचा निकाल बव्हंशी यकृतपेशींनाच लावावा लागतो. एका विकराच्या साहाय्याने त्या मद्याचे ॲसिटाल्डिहाइड करतात व दुसऱ्याच्या साहाय्याने त्याचे सौम्य ॲसिटेट. परंतु हा मधला पदार्थ मद्याहून विषारी असून तो पेशीतल्याच प्रथिनांना चिकटतो व त्यांचे काम बिघडवतो. या खटाटोपात मेद जाळण्याचे नित्याचे काम तहकूब राहते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेदाचा एकच थेंब इतका फुगलेला दिसतो की बिचारे केंद्रक पेशीच्या कडेला चपटे होऊन बसलेले असते. नित्य पिणाऱ्याच्या पेशी मद्य पचविण्याची आणखी एक यंत्रणा वाढवतात. आपल्याला आता दारू चढत नाही याचा त्याला अभिमान वाटतो, पण त्या वाढीव यंत्रणेतून निघणारी ऑक्सिजनची दाहक रूपे त्याच पेशींना पोळत असतात.

मला सर्वांत विषण्ण करते ती यापुढची हकीकत. यकृतपेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामधल्या अरुंद फटीत, १८७६ साली कार्ल कुप्फर यांनी प्रथम वर्णिलेल्या, तारकाकृती पेशी 'अ' जीवनसत्त्वाचा साठा सांभाळीत निमूट पडून असतात. मद्याने आतड्याचे अस्तर सैल झाले की जंतूंची विषे यकृतात शिरतात, तेथील भक्षकपेशी खवळतात, आणि त्यांच्या व घायाळ यकृतपेशींच्या इशाऱ्यांनी या निरुपद्रवी पेशी आपला साठा टाकून देऊन जखम सांधणारे चिवट तंतू विणू लागतात. जखम एकदाच झाली असती तर हा बंदोबस्त उपकारकच ठरला असता. रोजच्या जखमेवर रोज विणलेले तंतू मात्र रक्ताची वाट अडवतात व यकृत घट्ट, गाठाळ करून टाकतात. तोच सिरोसिस.

हे सारे बहुधा वेदनेवाचून चालते. मद्य पुरते सोडले तर साचलेला मेद काही आठवड्यांत ओसरतो, तारकाकृती पेशींपैकी कित्येक पुन्हा शांत होतात. सिरोसिस जमल्यावर यकृत पूर्ववत होणे दुरापास्त, तरी त्या अवस्थेतही मद्यत्यागाने रुग्णाचे आयुष्य वाढते.