तोल सांभाळणारा लहान मेंदू

डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्यावर टेकवा. नेम चुकत नाही, तो डोक्याच्या मागील भागातील लहान मेंदूमुळे. हालचालीची आज्ञा मोठा मेंदू देतो. तिचा वेग, दिशा व तोल लहान मेंदू सांभाळतो. त्याची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, तर हातापायांत बळ असूनही माणूस एकाएकी झोकांड्या खातो, गरगरते, उलट्या होतात, बोलणे अडखळते. पुष्कळांना हे पित्त वाटते. पण सूज वाढून श्वास चालवणारा शेजारचा भाग दाबला जाऊ शकतो. गुठळी विरघळवणारे औषध, स्कॅन पाहून, साधारणतः ४½ तासांच्या आत द्यावे लागते. गारगोटीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर; तेव्हा घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ ला फोन करा. त्रास सुरू झाल्याची वेळही टिपून ठेवा. डॉक्टर प्रथम तीच विचारतील.